छत्र्यांचे घोडे आणि पिंजऱ्यातले वाघ

सर्कशीचा विषय निघाला की आमच्या घरात दोन तट पडतात. आत्या आणि काका म्हणतात, "वाघसिंह गेले आणि सर्कशीतली मजा गेली." भाचेमंडळींना मुळात वाघाला स्टुलावर बसवायचे म्हणजेच पटत नाही. आम्ही पडलो सांगलीकडचे, त्यामुळे हा वाद आमच्याकडे जरा जास्तच रंगतो. कारण भारतीय सर्कशीचा जन्मच आमच्या माणसाच्या हातून झालेला!

१८७९ साली जुझेप्पे किआरिनी हा इटालियन गृहस्थ आपली सर्कस घेऊन मुंबईत आला. ती बघायला कुरुंदवाडच्या संस्थानिकांबरोबर त्यांचे अश्वशिक्षक विष्णुपंत छत्रे गेले होते. छत्रे मूळचे अंकलखोपचे. गाणे शिकायला ग्वाल्हेरला गेले आणि घोड्यांची विद्याही घेऊन आले. हिंदुस्थानात अशी सर्कस निघायला अजून बराच काळ लागेल, असे किआरिनी म्हणाला आणि ते छत्र्यांच्या मनाला लागले, असे सांगतात. काही असो, २० मार्च १८८० रोजी मुंबईच्या क्रॉस मैदानावर छत्र्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा खेळ झाला. पुढे म्हैसाळचे देवल आले, कार्लेकर आले. छत्रे फिरत फिरत केरळात तलश्शेरीला पोचले, तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि सर्कशीला कसरतपटूंची खाणच सापडली.

छत्र्यांची खरी विद्या घोड्यांची, हे मला महत्त्वाचे वाटते. घोडा हजारो वर्षे माणसाच्या संगतीत वाढलेला प्राणी. त्याच्यावरही चाबूक चालतोच, पण वाघाची गोष्ट वेगळी. वाघ एकटा राहणारा, मैलोन्मैल हिंडणारा, आगीपासून लांब पळणारा. त्याला चाकांवरच्या पिंजऱ्यात ठेवायचे आणि रात्री जळत्या कड्यातून उडी मारायला लावायची, म्हणजे त्याच्या स्वभावातली एकेक गोष्ट मोडून काढायची. आपण टाळ्या वाजवतो त्या नेमक्या या मोडण्याला.

इथे काका हमखास दामू धोत्र्यांचे नाव काढतात. पुण्याचा हा पोरगा पुढे अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या प्रचंड सर्कशीत बिबट्यांचे खेळ करून जगभर गाजला. त्यांच्या मराठी आत्मकथनाचे नावच 'वाघ सिंह माझे सखे सोबती'. त्या मायेवर शंका घ्यायला माझे मन धजत नाही. रोज जिवावर उदार होऊन पिंजऱ्यात शिरणारा माणूस जनावराला आपल्यापेक्षा नक्कीच जास्त ओळखत असणार. पण सोबतीत एक अट असते ना? नको वाटले तर उठून जाता आले पाहिजे. धोत्र्यांना पिंजऱ्याचे दार उघडून बाहेर येता येत होते. सख्यांना येत नव्हते.

सरकारने १९९१ मध्ये काही प्राण्यांच्या खेळांवर बंदी घातली. ती कोर्टात अडकली आणि १९९८ मध्ये नवी अधिसूचना निघाली : अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह. सर्कसवाले केरळ उच्च न्यायालयात गेले. योगायोग बघा, ज्या केरळात छत्र्यांना कसरतपटू मिळाले तिथेच हा निकाल लागायचा होता! २००० साली न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि कायद्याचे हक्क फक्त माणसांपुरतेच का असावेत, असा प्रश्नही विचारला. मे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम केली. त्या यादीत हत्ती नव्हता, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. साखळीला बांधलेला हत्ती काय खुशीने क्रिकेट खेळत होता?

सुटलेल्या वाघसिंहांचे पुढे काय झाले? जंगलात कुणीच गेले नाही, जाऊ शकतही नव्हते. शिकार माहीत नाही, माणसाची भीती नाही. त्यात बरेच सिंह आशियाई-आफ्रिकी संकराचे. बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणच्या केंद्रांत त्यांना ठेवले आणि प्रजा वाढू नये अशी व्यवस्था केली. म्हणजे बंदीने त्यांचे गेलेले आयुष्य परत दिले नाही, पुढची पिढी तेवढी पिंजऱ्यात जन्मायची थांबली. माझ्या मते एवढे कारणही पुरेसे आहे.

आत्याचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ती म्हणते, "जनावरांची सोय लावलीत, त्यांना सांभाळणाऱ्या माणसांचे काय?" खरेच आहे. एका अधिसूचनेने रिंगमास्तरांची उभ्या जन्माची विद्या निकामी झाली आणि त्यांच्यासाठी कुठलेही केंद्र उघडले नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवायलाही मनाई केली. मला दोन्ही निकालांमागे एकच विचार दिसतो : ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्याकडून खेळ करून घेऊ नये. झुल्यावरची मोठी बाई पगार मोजून घेते आणि नकोसे झाले तर तंबू सोडते. हा फरक मानला तर बंदी मान्य करावी लागते, आणि बंदी मान्य केली तर रिंगमास्तरांचे देणेही आपल्याकडे लागते. ते आपण फेडलेले नाही.

असो. छत्र्यांचा मला अभिमान आहे आणि तो राहील. पण तो वाघाच्या जिवावर नको. तुमच्या घरी हा वाद कुठल्या बाजूला झुकतो, तेही कळवा.