वरातीतला पडदा

म्युझिक व्हिडिओविषयीचे बहुतेक सिद्धांत १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालेल्या एमटीव्हीकडे पाहत घडले. ई. ॲन कॅप्लन यांना १९८७ साली त्यात उत्तर-आधुनिक तुकडेजोड दिसली. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली बजावले की आधी गाणे ऐका, चित्र त्याच्या मागून येते; आणि हा सारा खटाटोप कलावंताची छबी विकण्यासाठी असतो. खान्देशातल्या जळगाव-धुळ्याच्या अहिराणी व्हिडिओंना यातले गाण्याचे म्हणणे लागू पडते, छबीचे फारसे नाही. केसांच्या बदल्यात फुगे देणाऱ्या फेरीवाल्याचे ‘बबल्या इकस केसावर फुगे’ महाराष्ट्रभर वाजले, पण ते ज्यांच्या तोंडी होते त्यांतल्या किती जणांना गायकाचे नाव सांगता येईल? खान्देशात गाणे हे मुळात अंगाने करायचे काम आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर गातात, श्रावणात कानबाई देवीपुढे गाणी होतात. स्वस्त कॅसेटमुळे उत्तर भारतातल्या बोलींना बाजार कसा मिळाला, हे पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली दाखवले. यूट्यूबने तीच वाट रुंद केली. व्हिडिओ मोबाइलवर पाहिला जातो तो पुढे हळदीत आणि वरातीत नाचण्यासाठी. पाहणारा इथे स्वतःच सादरकर्ता होतो, आणि एमटीव्हीच्या अभ्यासकांनी नेमके हेच गृहीत धरलेले नाही.

कोणी म्हणेल, ही तर हिंदी सिनेमाची नक्कल. ‘झुमका वाली पोर’ या गाण्यात त्या पोरीवर खिळलेला कॅमेरा पाहा. बरोबर आहे. लॉरा मल्व्ही यांची १९७५ची पुरुषी नजरेवरची टीका इथे चपखल बसते, आणि त्याच गाण्यावर हळदीत बायका नाचतात म्हणून ती नजर निर्दोष ठरत नाही. मात्र नक्कल हे पूर्ण उत्तर नव्हे. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडले की संदेश रचणाऱ्याचा अर्थ घेणाऱ्यापर्यंत तसाच पोचतो असे नाही. पुण्यातला श्रोता ज्या शब्दाला गावठी गंमत म्हणून हसतो, त्यात शिरपूर-पारोळ्याच्या माणसाला आपल्या घरचे बोलणे ऐकू येते. या बोलण्याला, म्हणजे अहिराणी जिच्यात मोडते त्या खान्देशीला, ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाने १९०७ साली भिल्ली बोलींच्या खंडात बसवले. २०११च्या जनगणनेत ती वेगळी भाषा म्हणून आली, सुमारे १८.६ लाख भाषकांची. नोंदवह्यांत जागा बदलत राहिलेल्या या बोलीला व्हिडिओने मांडवात मानाची जागा दिली. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने हे व्हिडिओ, त्यांचे गीतकार, वादक आणि ते वाजवणारे बँडवाले यांची नोंद आताच करायला घ्यावी.