गंगनम: आधी शाळा आली, मग भाव

गंगनम म्हटले की आज सोलमधील महागडी घरे आठवतात. १९७०च्या आरंभी मात्र हान नदीच्या या दक्षिण तीरावर भातशेती आणि भाजीचे मळे होते. उत्तर कोरियाची सीमा जवळ असल्याने उत्तर तीरावरची दाटी सरकारला धोक्याची वाटे. पूल झाले, वसाहती आखल्या गेल्या. पण सुखवस्तू कुटुंबे जागची हलेनात.

मग सरकारने शाळाच हलवल्या. १९०० साली स्थापन झालेले, देशात अग्रगण्य मानले जाणारे क्योंगी हायस्कूल माजी विद्यार्थ्यांचा विरोध डावलून १९७६ मध्ये नदीपार नेले गेले. पाठोपाठ इतर नामांकित शाळाही गेल्या.

खरी मेख मात्र प्रवेशाच्या नियमात होती. १९७४ पासून सोलमध्ये हायस्कूलांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा बंद होऊन सोडत सुरू झाली होती. हेतू समतेचा, आणि तो प्रामाणिकही असावा. पण पुढे सोडतीसाठी राहता पत्ता ग्राह्य धरला जाऊ लागला आणि गंगनमचा ‘आठवा शालेय विभाग’ घरांच्या किमतीत मोजला जाऊ लागला. पूर्वी मुलाच्या गुणांवर मिळणारी शाळा आता पालकांच्या ऐपतीवर मिळू लागली. ऐपत नसलेले कागदोपत्री खोटा पत्ता दाखवू लागले.

क्योंगीच्या जुन्या वास्तूत १९७७ पासून सार्वजनिक ग्रंथालय आहे.