‘राजपूत’ वर्गातील विनाशिका आणि सुट्या भागांचा प्रश्न

भारतीय नौदलाच्या ‘राजपूत’ वर्गातील पाच विनाशिका म्हणजे सोव्हिएत ‘काशिन’ वर्गाची सुधारित आवृत्ती. त्या आजच्या युक्रेनमधील मिकोलाइव्ह येथे बांधल्या गेल्या. पहिली ‘आयएनएस राजपूत’ ४ मे १९८० रोजी ताफ्यात दाखल झाली.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला आणि पुरवठ्याची एकच साखळी दुभंगली. गॅस टर्बाइनचे कारखाने युक्रेनकडे गेले, तर अनेक शस्त्रप्रणालींचे निर्माते रशियात राहिले. सुटा भाग वेळेवर न मिळाल्यास सुस्थितीतील नौकाही धक्क्यावरच अडकून पडते. म्हणूनच टर्बाइनची मोठी दुरुस्ती देशात करण्यासाठी विशाखापट्टणम येथे ‘आयएनएस एकशिला’ हे केंद्र कार्यरत आहे.

शस्त्रांच्या बाबतीत हैदराबादचा वाटा मोलाचा ठरला. तेथील संकुलात जुळणी होणारे, भारत व रशिया यांनी संयुक्तपणे विकसित केलेले ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्र सर्वप्रथम ‘राजपूत’वरच बसविण्यात आले. जुन्या नौकेला त्यामुळे नवी मारकक्षमता लाभली.

‘रणजित’ ६ मे २०१९ रोजी आणि ‘राजपूत’ २१ मे २०२१ रोजी सेवानिवृत्त झाली. युद्धनौकेचे आयुष्य पोलादाइतकेच सुट्या भागांवर अवलंबून असते, हा त्यांच्या चार दशकांचा धडा होय.