पुढच्या रविवारी

२००६ च्या दिवाळीआधी आमच्या घरी आठवडाभर एकच वाद: साधा डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा की हार्ड डिस्कवाला? कपाटात व्हीएचएस टेपा होत्या. १९८२ च्या एशियाडनंतर व्हीसीआर पसरले, त्या लाटेतल्या. काकाचं लग्न, मुंज, आणि आजीचं एकमेव चालतंबोलतं चित्रण. टेपांना बुरशी धरू लागली होती.

साध्या यंत्रात टेप थेट डिस्कवर उतरते. मध्येच चूक झाली की डीव्हीडी-आर वाया. हार्ड डिस्कवर मात्र आधी सगळं उतरवा, नको ते कापा, मग सावकाश डिस्क करा. ८० जीबीत साधारण ३४ तास मावत. झालं, तोच आणला!

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चार रिळांचा. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलं. तेही १९१७ च्या आवृत्तीचं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. नाशिककरांना हे ठाऊक असायला हवं होतं. मला ठाऊक होतं, तरी मी टेपा रद्दीत दिल्या. डिस्का 'पुढच्या रविवारी' करणार होतो.

तीन वर्षांनी हार्ड डिस्क बसली. संगणकाला जोडून पाहिली, पण अशा यंत्रांची साठवण्याची पद्धतच निराळी; काही वाचता येईना.

आजी तेवढी वाचली. आत्याने हट्टाने तिची एक डिस्क आधीच करून घेतली होती, फायनलाइजसुद्धा.