पालथं ताट, लाल भाकरी

जेवायला ताटं मांडायची ती पालथी. अन्न वाढायच्या वेळीच ती सुलटी करायची, नाहीतर आधी धूळच वाढलेली असायची. कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’ (१९९७) या कुमार-कादंबरीतली चौदा वर्षांची बिली जो अशी ताटं मांडते. हिमायतनगरला सातवीच्या वर्गात आम्ही हे सांगितलं, तेव्हा एका मुलानं विचारलं, “सर, वावटळ आमच्याकडं पण येती. मग आम्ही ताट पालथं का घालत नाही?”

प्रश्न मातीचा होता. कादंबरीतला काळ १९३४-३५ चा, प्रदेश अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा. तिथल्या मैदानांवर मूळचं दाट मुळांचं गवत होतं. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, पुढे ट्रॅक्टर आले आणि गवत नांगराखाली गेलं. १९३० नंतर पाऊस हटला, पिकं करपली, उघडी माती वाऱ्यावर निघाली. १४ एप्रिल १९३५ रोजी तर दिवसाढवळ्या अंधार झाला. आपली काळी जमीन चिकणमातीची. उन्हाळ्यात ती भेगाळते, पण मैलच्या मैल उठून जात नाही. आपली वावटळ घटकाभराची.

म्हणून आपल्या दुष्काळाची गोष्ट वेगळी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळानं वाडी रिकामी होते, मागे शाळेचा मास्तर उरतो. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला गेली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर राज्यात सुमारे ५० लाख माणसं होती. खायला सुकडी आणि मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. ती मुख्यतः कॅन्सस आणि टेक्सासमध्ये पिकते. बिली जोच्या काळात या राज्यांतूनही माती उडाली होती. त्याच मुलखाचं धान्य चाळीस वर्षांनी मराठवाड्याच्या ताटात आलं, हे आम्हांला कोणत्याही कादंबरीइतकंच नवलाचं वाटतं.

मुलांना आम्ही एकच काम दिलं : त्या साली घरात काय शिजत होतं, ते आजी-आजोबांना विचारायचं. एका मुलीनं लिहून आणलं की आजी तेव्हा बारा वर्षांची होती, खडीवर जायची, आणि हजेरीपटावर तिचं वय अठरा लावलं होतं. म्हणजे त्या ५० लाखांत अशी किती मुलं मोठी म्हणून मोजली गेली? जुने हजेरीपट कुठे पाहायला मिळतील, ते विचारायला मुलं आता तहसील कचेरीत जाणार आहेत.