फुंकणीपासून उष्ण वाऱ्यापर्यंत

सोनाराच्या दुकानांत डाग देण्याचें काम चाललेलें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. सोनार दागिना विस्तवांत टाकीत नाहीं. तो दिव्याची ज्योत दागिन्याकडे वळवितो, आणि ती वळविण्याचें काम त्याच्या ओठांतली बांकदार फुंकणी करते. उष्णता दिव्याची, पण हुकमत श्वासाची. ज्या सांध्यावर डागाचा कण ठेवला आहे तेवढाच तापावा आणि दोन सुतांवरचें खड्याचें कोंदण शाबूत रहावें, हें सारें त्या श्वासावर अवलंबून असतें. गालांत हवेचा सांठा ठेवून नाकानें श्वास घेत राहिलें म्हणजे फुंक तुटत नाहीं. सनईवाल्याची विद्या ती हीच. विजेच्या उपकरणांचा नाद असलेले हौशी लोक आज ज्याला ‘हॉट एअर स्टेशन’ म्हणतात, तें यंत्र या फुंकणीचेंच वंशज होय. बाजारांत त्याचे अनेक प्रकार मांडलेले असतात, आणि कोणतें घ्यावें हा प्रश्न घेणारास पडतो. त्याचें उत्तर दुकानदाराच्या जाहिरातीपेक्षां या घराण्याच्या इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें.

हें घराणें फार जुनें आहे. ईजिप्तमध्यें सक्कारा येथें मेरेरुका नांवाच्या एका वजीराचें थडगें आहे. तें सुमारें ४३०० वर्षांपूर्वींचें. त्याच्या भिंतीवर धातु वितळविणारे कारागीर कोरलेले असून ते लांब नळ्यांनीं भट्टी फुंकीत आहेत. जोड देणाऱ्या धातूची हकीकतही अशीच जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे कीं, दोन भाग शिसें आणि एक भाग कथील यांच्या मिश्रणानें नळ झाळतात. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडवर वितळतें, कथील २३२ अंशांवर. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें एकत्र केलें कीं तें मिश्रण १८३ अंशांवरच पाण्यासारखें होतें. जोड देणाऱ्यानें जोडल्या जाणाऱ्याच्या आधीं वितळावें, हा या विद्येचा पहिला नियम. दुसरा नियम असा कीं, धातूच्या अंगावर हवेनें चढविलेला पापुद्रा आधीं दूर झाला पाहिजे, नाहींतर डाग धरत नाहीं. सोनार त्यासाठीं टाकणखार वापरतो, कल्हईवाला नवसागर वापरतो, आणि विजेच्या कामांत राळ वापरली जाते.

सोनाराची ही फुंकणी पुढें रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं गेली. खनिजांची परीक्षा फुंकणीच्या ज्योतीनें कशी करावी, यावर स्वीडनचा प्रख्यात शास्त्रज्ञ बर्झेलियस यानें १८२० सालीं एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. विजेच्या कारागिरास मात्र अद्याप फुंकणीची गरज नव्हती. त्याचें हत्यार म्हणजे तांब्याच्या टोकाचें सोल्डरिंग आयर्न. पूर्वीं तें निखाऱ्यांत तापवीत. पुढें तें विजेवर तापूं लागलें. जर्मनींत एर्न्स्ट झाक्स यानें १९२१ सालीं अशीं विजेचीं आयर्नें कारखान्यांसाठीं बनविण्याचा उद्योग काढला. त्या काळच्या रेडिओच्या पेटींत तारेचें एकेक टोंक एकेका खुंटीला गुंडाळून झाळलेलें असे. एक सांधा, एक स्पर्श, एक डाग असें तें काम. आयर्न टेंकविलें, तार लावली, उचललें. त्यांत वाऱ्याचें कामच नव्हतें.

ही घडी प्रथम विस्कटली ती छापील मंडलाच्या पाटीनें. व्हिएन्ना येथें जन्मलेला पॉल आइस्लर हा संशोधक नाझींच्या छळाच्या भीतीनें १९३६ सालीं इंग्लंडांत आला. तारा गुंडाळण्याऐवजीं तांब्याच्या पातळ पत्र्यावरच वाटा उमटवाव्या, ही कल्पना त्यानें पुढें आणली व १९४३ सालीं तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९४९ सालीं अमेरिकेच्या लष्करी संदेशखात्यांतील डँको आणि एब्रॅमसन या दोघांनीं अशा पाटीला भोंकें पाडून त्यांत घटकांचे पाय खोंवण्याची व सगळे सांधे वितळलेल्या डागांत एकदम बुडविण्याची युक्ति काढली. १९५० नंतरच्या दशकांत तर वितळलेल्या डागाच्या लाटेवरून पाटी सरकवीत नेण्याचीं यंत्रें इंग्लंडांत तयार झालीं. आतां शेंकडों सांधे मिनिटाच्या आंत होऊं लागले. तरीसुद्धां बिघडलेला घटक काढावयाचा तर त्याचे दोन-तीन पाय एकामागून एक आयर्ननें सोडवितां येत. म्हणून घरच्या टेबलावरची दुरुस्ति सुरक्षित राहिली.

खरें संकट आलें तें घटक पाटीच्या भोंकांतून वर येऊन तिच्या पाठीवर बसले तेव्हां. १९६० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीनें ही पद्धति वापरली आणि १९८० नंतर ती सर्वत्र पसरली. आज नेहमींच्या वापरांतला एखादा प्रतिरोधक अवघा एक मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद असतो. चौकोनी चिपच्या चारी कडांना मिळून शंभर पाय असावे आणि दोन पायांच्या मध्यांतलें अंतर अर्धा मिलिमीटर असावें, यांत कांहीं नवल उरलें नाहीं. कांहीं चिपांचे पाय तर दिसतही नाहींत. त्या पोटाखालच्या डागाच्या बारीक गोळ्यांवर बसलेल्या असतात. अशी चिप आयर्ननें काढावयास गेलें तर एका कडेचा डाग वितळेपर्यंत दुसऱ्या कडेचा थिजतो. कारखान्यानें आपली सोय लावली. डागाचा लेप लावून सबंध पाटीच भट्टींतून नेली. परंतु एकच चिप बिघडली म्हणून सारी पाटी पुन्हा भट्टींत घालणें म्हणजे एका फुटक्या कौलासाठीं सगळें छप्पर उतरविण्यासारखें आहे. चारी कडा एकदम तापाव्या आणि शेजारी मात्र थंड रहावा, ही मागणी सोनाराची होती. ती पुरी करण्यासाठीं फुंकणीच परत आली. फक्त ज्योतीच्या जागीं विजेचा हीटर आला आणि गालांच्या जागीं पंप.

या नव्या फुंकणीच्या तीन पिढ्या बाजारांत दिसतात. पहिलीचा नमुना म्हणजे जपानच्या हाक्को कंपनीचें ८५० हें यंत्र. त्यांत पंप पेटींत असतो व हवा लवचीक नळीनें मुठींतल्या हीटरकडे येते. दुसरीचा नमुना ८५८डी या नांवानें अनेक चिनी कारखाने बनवितात. त्यांत एक छोटा पंखा मुठींतच बसविलेला असतो. पेटी लहान, वजन कमी, किंमतही कमी. तिसरींत जोरकस पंखा पुन्हा पेटींत जातो व हीटर मोठा होतो. क्विक कंपनीचें ८६१डीडब्ल्यू हें १००० वॅटचें यंत्र या प्रकारचें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत चौकशी करणारास यांपैकीं कोणता ना कोणता प्रकार हटकून दाखविला जातो.

दरम्यान आणखी एक घटना घडली, आणि तिनें निवडीचा प्रश्न अधिक बिकट केला. शिसें मुलांच्या मेंदूस अपाय करतें; भंगारांत गेलेल्या उपकरणांतून तें माती-पाण्यांत उतरतें. यास्तव युरोपांत १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या विद्युत् उपकरणांत शिशाचा डाग वापरण्यास बंदी झाली. भारतांतही २०११ च्या ई-कचरा नियमांनीं शिशाच्या प्रमाणास मर्यादा घातली. शिशाच्या जागीं जें मिश्रण आलें, त्यांत शेंकडा ९६·५ भाग कथील, ३ भाग चांदी व अर्धा भाग तांबें असतें, आणि तें २१७ अंशांपासून वितळूं लागतें. म्हणजे १८३ च्या जागीं २१७. चौतीस अंशांची चढती. इकडे चिपच्या अंगाला साधारणतः २६० अंशांपलीकडे नेऊं नये असा दंडक. डाग नीट वाहता होण्यास २१७ च्याही वर थोडें जावें लागतें; तेव्हां सुटणें आणि जळणें यांमधली वाट फारच अरुंद झाली. आरोग्यासाठीं केलेला कायदा योग्यच होता. पण त्याचा भार घरीं दुरुस्ति करणाराच्या हातावर पडला. ज्याचा वारा स्थिर नाहीं, त्याला ही वाट चालतां येत नाहीं.

येथें घेणाराची नेहमींची फसगत होते ती आंकड्यांनीं. यंत्राच्या तोंडावर ४५० अंश, ५०० अंश असे आंकडे झळकत असतात. तो आंकडा हीटरजवळच्या मापकाचा असतो. पाटीवरच्या सांध्याचा नव्हे. हवा ही उष्णतेची फार दुबळी हमाल आहे. एक लिटर हवेचें वजन सव्वा ग्रॅमच्या आंतबाहेर, आणि एक ग्रॅम हवा एक अंश तापविण्यास सुमारें एक ज्यूल लागतो. आतां शाळेंतलें अंकगणित लावावें. मिनिटाला १२० लिटर म्हणजे सेकंदाला दोन लिटर, अर्थात् सुमारें २·४ ग्रॅम हवा. ती ३५० अंशांनीं तापवावयाची तर २·४ गुणिले ३५०, म्हणजे ८४० वॅट हवेत. आणि वाटेंत जें वायां जातें तें निराळेंच. ज्या यंत्रावर ७०० वॅट, १२० लिटर व ४५० अंश हे तिन्ही आंकडे एकत्र छापलेले असतात, तें हीं तिन्ही वचनें एकाच वेळीं पाळूं शकत नाहीं. पूर्ण वारा सोडला तर त्याची उष्णता तीनशेंच्या आसपासच घुटमळावयाची. १००० वॅटच्या यंत्रास मात्र चारशेंपर्यंत जातां येतें. तेव्हां अंशांच्या आंकड्याआधीं वॅट पाहावे, आणि वॅटांबरोबर वाऱ्याचें प्रमाण बारीकसारीक कमी-अधिक करतां येतें कीं नाहीं तें पाहावें.

दुसरी पारख सुरक्षिततेची. आपल्याकडे घरांतली वीज २३० व्होल्टची, आणि हें यंत्र हातांत धरावयाचें. कांहीं स्वस्त यंत्रांत बटण बंद केलें तरी जिवंत तार हीटरपर्यंत पोंचलेलीच असते, कारण बटण दुसऱ्याच तारेवर बसविलेलें असतें. कांहींत मुठीच्या धातूच्या नळीस अर्थिंगच नसतें. प्लग बाहेर काढून ठेवावा आणि त्याची अर्थिंगची पिन व ही नळी यांमध्यें मीटर लावून पाहावें. जोड दाखविला नाहीं तर तें यंत्र घेऊं नये. मूठ ठेवण्याच्या घोडीवर लोहचुंबक असतो. मूठ ठेवतांच हीटर बंद पडावा, पण पंखा मात्र सुमारें १०० अंशांखालीं येईतोंपर्यंत चालूच रहावा, अशी ती योजना. ही योजना नीट चालते कीं नाहीं हें दुकानांतच पाहून घ्यावें. काम झाल्याबरोबर प्लग उपटला तर अडकलेली धग हीटरला आणि मुठीला दोहोंनाही जाळते. बदली हीटर व निरनिराळ्या मापांचीं तोंडें सहज मिळतात कीं नाहीं, हेंही विचारावें. हीटर हा या यंत्राचा झिजणारा अवयव आहे.

यंत्र चांगलें असलें तरी हात शिकावाच लागतो. नवशिका माणूस बारीक तोंड लावून जोराचा वारा सोडतो, आणि तांदळाच्या कण्यांएवढे घटक टेबलाखालीं शोधीत बसतो. जाणता माणूस चिपएवढें रुंद तोंड, मंद वारा आणि गोल फिरता हात ठेवतो. तांब्याचे जाड थर असलेली पाटी उष्णता पिऊन टाकते. अशा वेळीं ती खालून १०० ते १५० अंशांपर्यंत आधीं तापवून घेतली म्हणजे वरचा वारा थोडका पुरतो. जुन्या डागांत विस्मथाचा डाग मिसळून त्याचा वितळबिंदु खालीं आणण्याची युक्तिही चांगली. विस्मथ व कथील यांचें मिश्रण १३८ अंशांवरच वितळतें. पावसाळ्यांत आणखी एक खबरदारी हवी. चिपचें प्लास्टिक हवेंतला ओलावा पितें. एकदम तापविल्यास आंतलें पाणी वाफ होऊन चिप लाहीसारखी फुटते. म्हणून असा माल आधीं १२५ अंशांच्या आसपास कांहीं तास वाळवितात. आणि राळेचा धूर दम्यास कारण होऊं शकतो, म्हणून खिडकी उघडी असावी.

एवढें सारें समजल्यावर निवड अवघड रहात नाहीं. ज्याचें काम भोंकांत खोंवलेल्या पायांचेंच आहे, त्यास उष्ण वाऱ्याची जरुरीच नाहीं. चांगलें आयर्न पुरे. महिन्याकांठीं एखाददुसरी लहान चिप उतरविणारास मुठींत पंखा असलेलें साधें यंत्र चालेल, मात्र अर्थिंग तपासून. मोठ्या पाट्या, पोटाखालीं गोळ्या असलेल्या चिपा आणि शिसेंविरहित डाग यांच्याशीं ज्याची नेहमींची गांठ आहे, त्यानें १००० वॅटचें यंत्र आणि खालून तापविण्याची सोय यांवर खर्च करावा. दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो; महागडी पाटी एकदां जाळल्यावर जाग येण्यापेक्षां ही जाग आधीं आलेली बरी.

या निवडींत केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. दहा-वीस रुपयांच्या एका चिपसाठीं हजारों रुपयांचें उपकरण भंगारांत घालावें कीं घरांतल्या टेबलावर तें पुन्हा जिवंत करावें, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाच्या दारांत उभा आहे. युरोपांत २००६ सालीं ज्यांनीं शिसें काढलें, त्यांनींच २०२४ सालीं उपकरणें दुरुस्त करून मिळण्याच्या हक्काचा कायदा केला. टाकून देण्यापेक्षां दुरुस्त करणें बरें, हें आतां सरकारांसही पटूं लागलें आहे. पण कायद्यानें हक्क मिळतो, हात मिळत नाहीं. तो हात सक्काऱ्याच्या भिंतीवरचे कारागीर जें जाणत होते तेंच जाणून तयार होतो: विस्तव कोणासही पेटवितां येतो, हवा तेवढाच आणि हवा तेथेंच तो नेणें, ही खरी विद्या.