दगडफुलाची निळाई, हळदीची लाली

पाय मुरगळला की आजी लोखंडी पळीत हळद घ्यायची, पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन तिच्यात कालवायची आणि पळी विस्तवावर धरायची. हळद पिवळी, चुना पांढरा, आणि लेप मात्र लालभडक. दोघांपैकी कुणाच्याच अंगी नसलेला हा लाल येतो कुठून, हा प्रश्न मला पडायला आठवीचा विज्ञानाचा तास उजाडावा लागला.

त्या तासाला बाईंनी लिटमस कागदाची एक छोटीशी पुस्तिका जपून उघडली आणि प्रत्येक बाकाला एकेक चिंधोटी फाडून दिली. निळ्या कागदावर लिंबाचा थेंब पडला, कागद लाल झाला. वर्गात ‘हा’ उमटला. जाता जाता बाई म्हणाल्या, “लिटमस नसेल तेव्हा हळदीचा कागदही चालतो.” तो ‘चालतो’ माझ्या मनात अडकून बसला. पुढे मीही वर्गात हेच प्रयोग करून दाखवू लागलो, तेव्हा या दोन कागदांचं कूळ शोधावंसं वाटलं.

लिटमसचं मूळ गाव प्रयोगशाळा नव्हे. ते आहे समुद्रकाठचे खडक आणि थंड प्रदेशातले दगड. आपण गोडा मसाल्यात घालतो ते दगडफूल ज्या गोतातलं, त्याच गोतातल्या काही जातींपासून लिटमस बनतो. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला संसार. आपल्या मसाल्यातली जात वासाची, लिटमसच्या जाती रंगाच्या. मात्र रंगाच्या जातींकडे पाहून त्यांच्या पोटात रंग आहे हे कुणालाही ओळखता येणार नाही, इतक्या त्या करड्या, निस्तेज. तो रंग बाहेर काढायला त्या दळून, अमोनिया देणाऱ्या पाण्यात आठवडेच्या आठवडे कुजवाव्या लागत. जुन्या काळी हा अमोनिया यायचा शिळ्या मूत्रातून. हवा लागेल तसा लगदा लालसर, मग जांभळा होई. त्यात चुना आणि पोटॅशचा क्षार पडला की निळा उतरे. हॉलंडमधले कारागीर तो खडूच्या भुकटीत मळून त्याच्या लहान लहान वड्या पाडत आणि विकत. नावही रंगाऱ्यांचंच: जुन्या नॉर्स भाषेतला ‘लिट’ म्हणजे रंग आणि ‘मोसी’ म्हणजे शेवाळ. रंगाचं शेवाळ, इतका साधा अर्थ.

याच गोतातल्या जांभळ्या रंगाने इटलीतल्या एका घराण्याला आडनाव दिलं. फ्लॉरेन्सच्या रुचेल्लाई घराण्याचा मूळपुरुष व्यापारासाठी पूर्वेकडे गेला असताना दगडावरच्या या वनस्पतीवर मूत्र पडताच ती जांभळी होते हे त्याने पाहिलं आणि ती विद्या तो घरी घेऊन आला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, रंगाचं नाव ‘ओरिचेल्लो’ आणि त्यावरून घराण्याचं नाव रुचेल्लाई, हे पक्कं. या घराण्यातल्या जोव्हान्नीने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला आणि त्यावर आपलं नाव लॅटिनमध्ये कोरून घेतलं, १४७० या सालासकट. लॅटिनमधलं ते आडनाव ‘ओरिचेल्लारिउस’. दगडफुलाचं नाव संगमरवरावर चढलं.

पण रंगाऱ्याच्या लेखी या रंगात मोठी खोट होती. आंबट काही सांडलं की कापडावर डाग उठे. पक्क्या रंगाला मान, बदलणाऱ्याला कमी भाव, हा रंगाऱ्यांचा न्याय. रसायनशास्त्राने याच्या बरोबर उलटा न्याय केला. जो रंग शेजाऱ्याचा स्वभाव पाहून बदलतो, तोच शेजाऱ्याची साक्ष देऊ शकतो. डाग म्हणजेच पुरावा.

हा न्याय नेमका मांडला रॉबर्ट बॉइलने, १६६४ साली लंडनमध्ये छापलेल्या रंगांवरच्या त्याच्या पुस्तकात. त्याचा पहिला साक्षीदार लिटमस नव्हता. वैद्याच्या दुकानात मिळणारं, व्हायोलेटच्या निळ्या फुलांचं औषधी सरबत तो पांढऱ्या कागदावर थेंबभर टाके आणि त्यावर तपासायचा द्रव सोडे. आम्ल असेल तर लाल, अल्कली असेल तर हिरवा. बॉइलच्या आधीही एखादा पदार्थ एखाद्या फुलाचा रंग बदलतो हे लोकांनी पाहिलं होतं. आम्लांचा सगळा वर्गच असं करतो, अल्कलींचा सगळा वर्ग तसं करतो, आणि जे दोन्हींपैकी काहीच करत नाहीत त्यांचा तिसरा वर्ग पडतो, हे मांडणं बॉइलचं. थेंबभर सरबत आणि कागदाचा तुकडा एवढ्यावर त्याने पदार्थांची जातवारी लावली. वर्गातल्या प्रयोगांमध्ये मला हा सगळ्यांत थोर वाटतो, कारण त्याला लागणारी एकही गोष्ट गरिबाच्या आवाक्याबाहेरची नाही.

आपल्याकडे व्हायोलेट नाही, पण त्या निळ्या-लाल रंगद्रव्याचे सगेसोयरे अंगणात आणि फडताळात आहेत. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून काढलेला अर्क लिंबाने गुलाबी होतो आणि साबणाच्या पाण्याने हिरवट. गोकर्णीचा निळा अर्क लिंबाने जांभळा होतो. कोकमाचा डाग साबण लावताच निळसर पडतो, हे कोकणात आणि गोव्यात कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिलेलं असतं.

फुलांचं सरबत टिकत नाही, लिटमसची वडी टिकते. म्हणून हळूहळू लिटमस पुढे आला. १७६७ साली विल्यम लुईसने अमेरिकेतून येणाऱ्या पोटॅशचा कस लावताना लिटमसने रंगवलेला कागद हाती धरला: आम्ल मोजून घालत जायचं, कागदाने कूस बदलली की थांबायचं. आज बारावीची मुलं ब्युरेटखाली शंकुपात्र धरून जे करतात त्याचं हे बाळरूप. त्यांच्या शंकुपात्रातलं फिनॉल्फ्थॅलीन १८७१ साली आडोल्फ बायर यांनी बनवलं. पीएच हे माप १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरेन्सन यांनी दिलं. त्यानंतर रंगाची साक्ष आकड्यांत मांडता येऊ लागली.

आणि हळद? मायकेल फॅरेडेने १८२७ साली रसायनशाळेतल्या हातकामावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. फॅरेडे लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस, कागदाशी त्याचं जुनं नातं. त्या पुस्तकात लिटमसच्या कागदाशेजारी हळदीचा कागद आहे. अल्कली ओळखायला युरोपातले रसायनज्ञ तो सर्रास वापरत. पूर्वेकडून मसाल्याबरोबर जहाजाने गेलेली हळद त्यांच्या फडताळात लिटमसच्या मांडीला मांडी लावून बसली होती. हळदीचा कागद ‘चालत’ नव्हता, तो लागत होता.

आजीच्या पळीतलं कोडं इथे सुटतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीच्या संगतीत आपल्याकडचा हायड्रोजनचा कण सोडून देतं. तो सुटला की त्याचा प्रकाश शोषण्याचा ढंग बदलतो आणि पिवळ्याचं लाल होतं. लिंबाने तो कण परत दिला की पुन्हा पिवळं. हळदीच्या समारंभातला पांढरा सदरा साबण लागताच लाल होतो आणि खळबळून धुतल्यावर परत पिवळा पडतो, तेही यामुळेच. कबीराने एका दोह्यात हळद आणि चुना आपापला रंग सोडून एक होतात असं म्हटलं आहे. त्याची नजर भक्तीवर होती, पण पाहणं अगदी नेमकं होतं.

एक मान्य करायला हवं. हळद आम्लाला ओळखत नाही. लिंबात बुडवा, व्हिनेगरमध्ये बुडवा, पिवळी ती पिवळीच. दोन्ही बाजूंची साक्ष लिटमसच देतो. पण हळदीकडे एक अशी विद्या आहे जी लिटमसकडे नाही, आणि ती आपल्याकडे रोज कपाळावर लावली जाते.

कुंकू हळदीचंच होतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेलं. आता बाजारात कृत्रिम रंगाचं कुंकू पुष्कळ आलं आहे, पण जुन्या रीतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटं देतात. ही रीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी थबकलो. लिंबू तर हळदीचा लाल पुसतं, मग लिंबू पाजलेली हळद लाल कशी राहते? गुरुकिल्ली टाकणखारात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बोरॉनचा क्षार. हळदीतलं कर्क्युमिन आणि बोरॉन आम्लाच्या साक्षीने एकमेकांना धरतात तेव्हा होणारा लाल चुन्याच्या लालसारखा लिंबाने पळून जात नाही. रसायनज्ञ बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचाच कागद वापरत आले. केमच्या कुंकवाचा आणि या कसोटीचा पाया एकच.

हे वर्गात दाखवायला फार लागत नाही. हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळायची, त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवायच्या. एका पट्टीवर चुन्याची निवळी टाकायची. लाल होईल, आणि त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. दुसऱ्या पट्टीसाठी कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर पाण्यात विरघळवायची. शिक्षकांनी त्यात स्वतःच्या हाताने विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब घालायचे आणि पट्टी भिजवून वाळू द्यायची. ओली असताना ती पिवळीच दिसते, मुलं हिरमुसतात. वाळता वाळता ती तांबूस होत जाते. तिच्यावर लिंबू पिळा, तांबूसच राहते.

मग मी मुलांना विचारतो, आता या तांबड्यावर चुन्याची निवळी टाकली तर काय होईल? सगळे एकसुरात म्हणतात, “अजून लाल!” निवळीचा थेंब पडतो, आणि तांबूस पट्टी हिरवट-काळी होते.